बहिष्कार : सरकारकडे काय मागावे, काय मागू नये



मोहने, अटाळी, आंबिवली, शहाड या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांचे मूळ गाव दूर आहे. कोणी कोकणातले, कोणी देशावरचे, कोणी मराठवाड्याचे. एन. आर. सी. कारखान्याने माणसे येथे आणली. कारखाना २००९ साली बंद पडला, माणसे राहिली. येथे नळाचे पाणी महापालिकेचे आहे. घरातला देव्हारा उतरवून भगवान बुद्धांची प्रतिमा लावली म्हणून ते पाणी कोणी तोडू शकत नाही. तोडातोड होते ती गावाकडून. लग्नाची पत्रिका येत नाही, मयताचा निरोप येत नाही, भावकीच्या बैठकीत आपले नाव घेतले जात नाही. मग नुकतीच दीक्षा घेतलेल्या घरात प्रश्न निघतो : सरकारकडे अर्ज करावा काय?

याचे उत्तर "हो" किंवा "नाही" असे एका शब्दात देता येत नाही. नेमके काय तोडले आहे, हे आधी पाहावे लागते.

बहिष्कार म्हणजे काय, हे बाबासाहेबांइतके कोणाला ठाऊक असणार? १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागद तयार होता, पाणी मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर जावे लागले. पुढे १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सभासद होते. जमीन काढून घेणे, मजुरी बंद करणे, वाट अडवणे, दुकानदाराने माल न देणे, ही हत्यारे उघड मारहाणीपेक्षाही भारी पडतात, असे त्या समितीने नोंदवले. म्हणून १९३० साली गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह जी मागणी मांडली, तीत बहिष्कार हा गुन्हा ठरवावा असे कलम होते. ब्रह्मदेशात १९२२ साली झालेल्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार त्यांनी घेतला होता. त्यांच्या मागणीचा रोख कोठे होता ते लक्षात घ्या : घर, जमीन, रोजगार, धंदा, व्यवहार. अमक्याने आमच्या पंक्तीला बसावे, असे त्यांनी सरकारकडे मागितले नाही.

आता दुसरी बाजू पाहू. मुंबई सरकारने १९४९ साली समाजातून बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला. कोणत्याही जातीने वा पंथाने आपल्या माणसाला बाहेर टाकले तर ते बेकायदा, असा त्याचा आशय. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले, आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो कायदा रद्द ठरवला. धार्मिक कारणावरून, पंथाची शिस्त राखण्यासाठी कोणाला बाहेर काढणे हा संविधानाच्या २६व्या कलमातील हक्काचा भाग आहे, असे बहुमताचे म्हणणे. सरन्यायाधीश सिन्हा एकटे वेगळे पडले. ज्याला बाहेर टाकतात तो जवळजवळ अस्पृश्यच होतो, हे त्यांनी ओळखले. आम्हाला सिन्हांचे मत अधिक पटते, कारण ती स्थिती आपल्या आजा-पणज्यांनी भोगलेली आहे. परंतु बहुमताची भीतीही निरर्थक नव्हती. आत कोण आणि बाहेर कोण हे सरकार ठरवू लागले, तर उद्या ते आपल्या विहाराच्या दारातही उभे राहील. १९८६ साली या निकालाच्या फेरविचारासाठी अर्ज झाला. तो २०२३ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला.

हा पेच परदेशातही आहे. बेल्जियममध्ये यहोवाचे साक्षीदार हा ख्रिस्ती पंथ सोडून गेलेल्यांशी बोलत नाही, म्हणून २०२१ साली घेंट येथील न्यायालयाने त्यास दंड केला. २०२२ साली वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला.

मग आपल्या हातात काय उरते? पुष्कळ उरते. अनुसूचित जातीच्या माणसावर इतरांनी सामाजिक वा आर्थिक बहिष्कार घातला, तर १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील २०१५च्या दुरुस्तीने तो स्पष्ट गुन्हा झाला आहे. १९९०पासून अनुसूचित जातीतील बौद्धांनाही त्या जातीचा दर्जा आहे, म्हणजे दीक्षेमुळे हे संरक्षण जात नाही. भटक्या-विमुक्तांतून जे धम्मात आले, ज्यांतील अनेकांनी लक्ष्मण माने यांच्यासह २००७ साली मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दीक्षा घेतली, त्यांना तो कायदा लागू पडत नाही. त्यांचा जाच जातपंचायतीचा. त्यांच्यासाठी महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. तो २०१६ साली विधिमंडळाने मंजूर केला आणि २०१७ साली अमलात आला. आपल्याच समाजातील माणसांनी वाळीत टाकले तर शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

या कायद्यांनी पाणी, दुकान, काम, स्मशान, समाजमंदिर यांची वाट मोकळी करता येते. जातपंचायतीचा दंड आणि फतवा रोखता येतो. पण चुलत्याच्या मनातला राग कोणत्याही ठाण्यात नोंदवता येत नाही. त्याने तुमच्या घरचे पाणी पिणे वा न पिणे हा त्याचा प्रश्न. तुम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्याच्या देवाच्या पालखीला खांदा दिला नाही. ते जसे तुमचे स्वातंत्र्य, तसे हे त्याचे.

मज्झिमनिकायातील उपाली गृहपतीची गोष्ट येथे मुद्दाम सांगावीशी वाटते. उपाली निगंठांचा मोठा दाता होता. तो तथागतांना शरण आला तेव्हा तथागत त्याला म्हणाले, तुझे घर दीर्घकाळ निगंठांचा आधार आहे, ते भिक्षेला आले तर त्यांना देत राहा. उपालीने पुढे निगंठांसाठी घराचे दार बंद केले खरे. पण भिक्षा हवी असेल तर येथेच थांबा, ती आणून देऊ, असे द्वारपालाकरवी सांगितले. श्रद्धेचे दार त्याने लावून घेतले, अन्न तोडले नाही. संघातही शासन होते. छन्न भिक्षू अहंकाराने कोणाचे ऐकेना, तेव्हा महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी त्याला ब्रह्मदंड सांगितला : भिक्षूंनी त्याच्याशी बोलू नये, त्याला उपदेश करू नये. त्याची भिक्षा किंवा चीवर काढून घ्या, असे त्यात नव्हते. छन्न सुधारला आणि दंड संपला.

आता एक कटू गोष्ट. आपल्याही काही वस्त्यांत, घरात खंडोबाचा टाक सापडला म्हणून त्या घरच्या लग्नाला जाऊ नका, असे बैठकीत ठरवले जाते. त्याला समजावून सांगा, विहारात पद देऊ नका, आपल्या विधीतून टाक दूर ठेवा. हा अधिकार तुम्हाला आहे. पण त्याच्या मयताला कोणी जाऊ नये असा ठराव करून दंड बसवाल, तर वर सांगितलेला कायदा तुम्हालाही लागू होईल. तेथे समितीचे नाव बुद्धाचे आहे, ही सबब चालणार नाही.

अर्ज करण्याची वेळ आलीच, तर तो पोलीस ठाण्यात किंवा थेट दंडाधिकाऱ्याकडे करता येतो. "समाजाने छळले" असे मोघम लिहू नका. कोणत्या तारखेला, कोणत्या बैठकीत, कोणी काय ठरवले, कोणत्या दुकानाने वा विहिरीवर कोणी अडवले, तेथे कोण हजर होते, ते लिहा. दंड भरला असेल तर रक्कम लिहा. "नातेवाईक बोलत नाहीत" हे वाक्य अर्जात घालू नका, त्याने मूळ तक्रार पातळ होते. आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.