अंकीय पुस्तक आणि ग्राहकाचे हक्क

भिलाईच्या पोलाद कारखान्याची उभारणी चालू होती, त्याच सुमारास भारतीय संसदेने १९५७ चा प्रताधिकार कायदा, म्हणजेच कॉपीराइटचा कायदा, संमत केला. २१ जानेवारी १९५८ रोजी तो अंमलात आला. पुढील वर्षी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळी पुस्तक म्हणजे छापून बांधलेली वस्तू असे. आज भिलाईतील मराठी वाचकास पुण्यात प्रसिद्ध झालेले ई-पुस्तक घरबसल्या मिळू शकते. परंतु पैसे मोजून तो नेमके काय घेतो?

विकत घेतलेली प्रत

छापील पुस्तकाच्या नव्या प्रती काढून विकण्याचा अधिकार ग्राहकास नसतो. लेखकाच्या श्रमाचे मोल राखण्यासाठी हे बंधन आवश्यकच आहे. मात्र लोकांस प्रती पुरविण्याचा हक्क सांगताना कायद्याने आधीच प्रसारात आलेल्या प्रती वगळल्या आहेत. म्हणूनच ग्राहक आपली प्रत मित्रास वाचावयास देतो, जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकतो किंवा ग्रंथालयास भेट देतो.

परवाना आणि कुलूप

ई-पुस्तकाचे तसे नाही. विक्रेते ‘खरेदी’ हा शब्द वापरीत असले, तरी करारान्वये बहुधा वाचनाचा परवानाच देतात. पुस्तकास अंकीय कुलूप असते. त्यामुळे ते ठराविक यंत्रावर आणि ठराविक खात्यातूनच उघडते. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके अमेरिकेतील ग्राहकांच्या वाचनयंत्रांतून दुरूनच काढून घेतली, कारण ती पुरविणाऱ्याजवळ आवश्यक हक्क नव्हते. ग्राहकांस पैसे परत मिळाले. परंतु दुकानदाराने घरात शिरून कपाटातील पुस्तक उचलून न्यावे, असाच हा प्रकार होता. पुढे कंपनीच्या प्रमुखांनी क्षमा मागितली.

भारतीय कायद्याची भूमिका

अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात, काही अपवाद सोडता, असे कुलूप तोडणे हाच गुन्हा आहे. भारताने २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ घातले, ते अधिक सौम्य आहे. प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या हेतूस हे कलम आड येत नाही. याच दुरुस्तीने अंध व अन्य अपंग वाचकांसाठी पुस्तकाचे सोयीचे रूपांतर करण्यास मुभा दिली. आपल्याजवळील छापील पुस्तकाची जतनासाठी अंकीय प्रत ठेवण्याची सवलतही बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांस मिळाली.

तथापि येथे एक उणीव राहिली आहे. कायदा मुभा देतो. परंतु कुलपाची किल्ली वाचकास द्यावी, असे बंधन प्रकाशकावर घालीत नाही. यंत्रज्ञान नसलेल्या अंध विद्यार्थ्यास कागदावरील हक्काचा उपयोग थोडाच होतो.

ग्राहकाचा मार्ग

२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ऑनलाइन खरेदीचा समावेश आहे. अन्याय्य करारातील अटींविरुद्ध राज्य आयोगाकडे तक्रार करता येते, आणि तीही आपल्या राहत्या राज्यात. भिलाईच्या ग्राहकास त्यासाठी रायपूर गाठणे पुरते. तेव्हा ई-पुस्तक घेताना ते दुसऱ्यास देता येईल काय, यंत्र बदलल्यास वाचता येईल काय, आणि विक्रेता ते परत घेऊ शकतो काय, हे तीन प्रश्न प्रत्येक वाचकाने व ग्रंथपालाने पैसे देण्यापूर्वी विचारावेत.