एका गोळीत दोन औषधे

चिठ्ठीवर रक्तदाबाच्या एका औषधाऐवजी दोन औषधांची मिश्र गोळी आली की आजार बळावला, असे रुग्णाला व घरच्यांना वाटते. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ सालीच बहुतेक रुग्णांना प्रारंभापासून दोन औषधे, शक्य तर एकाच गोळीतून, द्यावीत असे सुचवले आहे.

यामागचे कारण शरीराच्या प्रतिकारात आहे. रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करणारे अ‍ॅम्लोडिपिन किंवा लघवीवाटे मीठपाणी बाहेर टाकणारे क्लोरथॅलिडोन यांपैकी एकच औषध दिले, तर उतरलेला दाब सावरण्यासाठी मूत्रपिंडातून रेनिन अधिक स्रवते आणि त्यातून वाहिन्या आवळणारे अँजिओटेन्सिन तयार होते. टेल्मिसार्टन हे औषध नेमका याच द्रव्याचा परिणाम रोखते. एकाच औषधाची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा दुसऱ्या गटातील औषधाची जोड दिल्याने दाब सुमारे पाचपट अधिक उतरतो, असे ४२ चाचण्यांच्या २००९ मधील एकत्रित विश्लेषणात आढळले.

दुष्परिणामांचे गणितही येथे बदलते. अ‍ॅम्लोडिपिन केशवाहिन्यांकडे रक्त आणणाऱ्या सूक्ष्म धमन्या रुंदावते, परंतु रक्त परत नेणाऱ्या शिरा तशाच राहिल्याने पाणी ऊतींत पाझरते व घोट्यांवर सूज येते. टेल्मिसार्टन शिराही सैल करत असल्याने ही सूज कमी होते, क्लोरथॅलिडोनसारख्या मूत्रल (लघवी वाढवणाऱ्या) औषधाने मात्र ती फारशी हटत नाही. अर्थात कोणतीही जोडी चालते असे नाही: टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल ही रक्तदाबाची दोन औषधे एकत्र दिल्याने अधिक लाभ न होता मूत्रपिंडाचा त्रास वाढतो, हे २००८ मध्येच दिसून आले आहे.

गोळीच्या नावापुढील ‘एएम’ हे बहुधा अ‍ॅम्लोडिपिनचे आणि ‘एच’ हे हायड्रोक्लोरोथायझाइड या मूत्रलाचे चिन्ह असते, आणि ती अक्षरे न पाहता घरातील जुनी टेल्मिसार्टनची पट्टी टेल्मिसार्टन असलेल्याच नव्या मिश्र गोळीसोबत चालू ठेवणे ही चूक, दुर्दैवाने, फार सर्रास घडते. गर्भवतींना व गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रियांना टेल्मिसार्टन असलेली गोळी वर्ज्य आहे. वृद्धांनी उठताना चक्कर येते का हे पाहावे. सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन यांची तपासणी गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांत करून घ्यावी. मूत्रलयुक्त गोळी चालू असताना गुडघेदुखीसाठी परस्पर डायक्लोफेनॅक घेणे मूत्रपिंडास घातक ठरू शकते, आणि जुलाब-उलट्या सुरू असल्यास ही गोळी त्या दिवसांपुरती थांबवावी का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे.