सातबारावरची तेवीस नावं

माझ्या बाबांनी रिटायर झाल्यावर मालवण तालुक्यातल्या आमच्या गावी कायमचं राहायला जायचं ठरवलं. त्यामुळे सुट्टीत मला या विषयाचा फुकटात क्रॅश कोर्स मिळाला. तो मेसच्या रांगेत ऐकवून ऐकवून मैत्रिणी कंटाळल्या, म्हणून आता तुमच्या माथी मारते आहे. (शाळा कॉन्व्हेंट, तेव्हा शुद्धलेखनाचं सांभाळून घ्या.)

शहरातली माणसं खेड्याकडे राहायला जातात त्याला भूगोलात प्रतिनागरीकरण असा भारदस्त शब्द आहे. अमेरिकेत १९७०च्या दशकात महानगरांपेक्षा त्यांच्या बाहेरचा भाग जास्त वेगाने वाढू लागला. ब्रायन बेरी या भूगोलतज्ज्ञाने १९७६ साली त्यावर लिहिलं. तिकडे मोटार आहे, हायवे आहे. राहायचं बाहेर आणि कामाला जायचं शहरात. आपल्याकडे मालवण ते मुंबई जवळजवळ ५०० किलोमीटर. करून दाखवा रोज अप-डाउन!

म्हणून आपल्याकडे जो परत येतो तो चाकरमानी. त्याचे आजोबा गिरणीत लागले, महिन्याला मनीऑर्डर पाठवली, गणपतीला आणि शिमग्याला गावी आले. १९८२च्या संपानंतर गिरण्या खिळखिळ्या झाल्या, पण मुंबईची वाट बंद झाली नाही. १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा वाटलं, आता माणसं गावात टिकतील. प्रत्यक्षात २००१च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, ती २०११मध्ये ८,४९,६५१ झाली. म्हणजे दहा वर्षांत १९ हजारांनी कमी. देशाची वाढत होती हे लक्षात घ्या.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये एकदम उलटी लाट आली. आमच्या गावच्या शाळेत आलेले लोक क्वारंटाइन होते. नंतर बरेचसे परत गेले. का? नोकरी हे उत्तर सगळेच देतात. मी इंजिनिअरिंगची, तेव्हा मला पाणी दिसलं. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो! जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र, समुद्र जवळ. पडलेलं पाणी थांबतच नाही. एका घराचं भागतं, पण बंद असलेली दहा घरं एकदम उघडली की भागत नाही.

जे टिकले त्यांच्याकडे पेन्शन आहे, कलमं आहेत, किंवा तारकर्ली-देवबागसारखं पर्यटन. १९९७मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देणं हा इथला धंदा झाला. पण खोली बांधायची तर जागा तुमच्या नावावर हवी ना? इथेच खरी गोची आहे.

शेतकरी नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. चाकरमान्याला ती अडचण नाही, वारसाने त्याचं नाव सातबारावर असतंच. पण एकट्याचं नसतं. आमच्या सातबारावर तेवीस नावं आहेत! पणजोबांपासून वाटपच झालेलं नाही. आत्या आहेत, चुलत आत्या आहेत, वारलेले दोघे अजून तसेच आहेत, त्यांच्या वारसांची नोंद बाकी. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५खाली तहसीलदार वाटप करून देतात, पण सगळ्यांची संमती असली तर ते सरळ होतं. नाहीतर कोर्ट, आणि मग माझी नातवंडंच तिथे राहायला जातील.

बाबांनी कागद तयार केला आणि आम्ही काकांकडे गेलो. काका कधी मुंबईला गेलेच नाहीत. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, ‘तीस वर्सां नळे आमी परतले. आता वाटो मात्र सारखो?’

बाबा काही बोलले नाहीत. मला आधी राग आला. मग येताना वर छपराकडे बघितलं. एक कौल फुटलेलं नव्हतं. आमचं घर, आमचं घर म्हणून मी हॉस्टेलवर फोटो दाखवत फिरते, ते उभं आहे ते यांच्यामुळे. कायद्यात नळे परतल्याचा वेगळा हिस्सा नाही. पण बाबांना राहायचंय ते काकांच्याच शेजारी, तलाठ्याच्या शेजारी नाही.

आत्तापर्यंत एकवीस नावांचा प्रश्न सुटला आहे. उरले दोघे. एक चुलत आत्या, कांदिवलीला असते, तिला फक्त विचारलं नव्हतं म्हणून राग आहे. दुसरे काका. गणपतीत बाबा त्यांच्याकडे पुन्हा जाणार आहेत, या वेळी कागद न घेता. मीही जाणार आहे.