गहाळ नोंदीवर सही करण्याआधी

दिवाळीच्या आठवड्यात नगरच्या कापड बाजारात पारनेर, पाथर्डी, श्रीगोंद्याहून माणसे खरेदीला उतरतात, मोची गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि याच गर्दीत मोबाइल, पाकिटे, गळ्यातली गंठणे जातात. हे दुकानदारांना ठाऊक असते, पोलिसांनाही असते. पण बंदोबस्त लागतो तो नोंदलेल्या गोष्टीवर. मोबाइल गेलेल्या माणसाला ठाण्यातून बहुधा नव्या सिमकार्डापुरता दाखला हवा असतो. समोरचा अंमलदार ‘गहाळ’ म्हणून नोंद करतो आणि तो दाखला हातात ठेवतो. दोघांचेही काम भागते. माझे म्हणणे असे, की वर्दळीच्या पेठांतली चोरी या सोयीच्या व्यवहारावरच पोसते. वस्तू खिशातून काढली गेली असेल, तर गहाळ नोंदीवर सही करू नका.

कारण साधे आहे. गहाळ वस्तूचा तपास होत नाही, पंचनामा होत नाही, चोर शोधायचा प्रश्नच येत नाही. साध्या वेशातला कर्मचारी कुठे उभा करायचा, गस्त कोणत्या वेळी वाढवायची, हे ठरते दाखल गुन्ह्यांवरून. खिसेकापूंच्या टोळ्या एका जागी थांबत नाहीत: गुरुवारी शिर्डी, शनिअमावस्येला शिंगणापूर, सणासुदीला माळीवाडा बसस्थानक. ही साखळी स्थानिक गुन्हे शाखेला दिसायची तर प्रत्येक दुवा कुठल्या तरी ठाण्यात गुन्हा म्हणून लागलेला हवा. समजा, एखाद्या चोराकडे दहा मोबाइल सापडले आणि त्यांतल्या नऊ मालकांनी ते हरवल्याचे स्वतःच लिहून दिलेले असेल, तर न्यायालयात त्याच्यावर कितीसे सिद्ध होणार?

कायदा आता तक्रारदाराच्या बाजूला बराच झुकला आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्यासाठी कलम 304 हे स्वतंत्र कलम आले. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र, वस्तूची किंमत कितीही असो. साध्या चोरीत मात्र किमतीला महत्त्व आहे. पाच हजारांहून कमी किमतीची चोरी अदखलपात्र ठरू शकते, म्हणून ‘जुनाच होता हो’ असे बोलून आपल्या वस्तूची किंमत आपणच पाडू नये. पावती असल्यास दाखवावी. एसटीत गंठण गेले आणि ते माळीवाड्याला उतरल्यावर कळले, तर हद्द कोणाची हा वाद तुमचा नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येते, प्रत विनामूल्य मिळते, आणि तक्रार ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात 2013 सालीच सांगितले. नव्या कायद्यात एक फट आहे, तीही सांगतो: तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. तसे कोणी सांगितले, तर ती परवानगी घेतली आहे का, हे नम्रपणे विचारावे. नोंदच नाकारली, तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज टपालाने पाठवावा, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकारी आहेतच.

यावर लोक म्हणतात, कोर्टाच्या खेट्या कोण घालणार? खेट्या चोर सापडला तरच. तो सापडला नाही, तर गुन्हा खरा पण तपास लागत नाही म्हणून ‘अ’ समरीत जातो आणि तुमच्या मागे काही लागत नाही. सापडलेला माल खटला संपायच्या आधीच सुपुर्तनाम्यावर परत मागता येतो. सीईआयआर या सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक करायला पोलिसांतल्या तक्रारीची प्रत लागते. तिथे एफआयआरची प्रत चालते, गहाळ दाखलाच हवा असे नाही. व्यापाऱ्यांची अडचण वेगळी असते: बाजाराचे नाव खराब होईल. ते आधीच झालेले असते, फक्त गिऱ्हाईक तोंडावर बोलत नाही. कॅमेरे बहुतेक दुकानांत आहेत, पण तोंड गल्ल्याकडे. एक तरी रस्त्याकडे वळवावा. आणि काही दिवसांनी जुने चित्रण आपोआप पुसले जाते, म्हणून त्याच दिवशी ते वेगळे काढून ठेवावे.

सर्वांत वजनदार आक्षेप पोलिसांचा आहे, आणि तो खोटा नाही. गुन्हे नोंदले की आकडा फुगतो, आणि आकडा फुगला की ठाण्याच्या प्रमुखाला वरून विचारणा होते. आपणच, वृत्तपत्रे आणि पुढारी मिळून, प्रामाणिक नोंदीला शिक्षा देतो. ही कोंडी पोलीस आणि लोक समोरासमोर बसले तरच सुटेल, आणि अधिकारी लोकांजवळ गेला तर काय होते, हे भिवंडीने दाखवले आहे. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी 1988 मध्ये तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि 1970 व 1984 च्या दंगलींत होरपळलेले हे शहर 1992-93 मध्ये मुंबई पेटली असताना शांत राहिले. आपल्याकडे गणेशोत्सव आणि मोहरमच्या आधी शांतता समितीची बैठक होते. मिरवणुकीचा मार्ग आणि ध्वनिक्षेपक यांपलीकडे ती क्वचितच जाते. (सत्कारांना मात्र वेळ पुरतो.) त्याच बैठकीत नगरसेवकांनी गुन्हे किती वाढले हे विचारण्याआधी गहाळ नोंदी किती झाल्या, त्यांतल्या कापड बाजारातल्या किती आणि माळीवाडा स्थानकातल्या किती, हे विचारावे. नगरसेवकांनी नाही विचारले, तर तोच आकडा माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर कोणाही नगरकराला मागता येतो.