राखेची ट्रॉली धुऱ्यावरूनच परत पाठवा

मे लागला की वणी, मारेगाव, झरी-जामणीच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरची रांग लागते. तलावातला गाळ वावरात जातो, ते चांगलेच आहे. पण यंदा त्याच ट्रॉल्यांतून औष्णिक वीज केंद्राची करडी राख आणि खाणीखालच्या नाल्यातला काळा गाळही येतो आहे. पंधरवड्यात आलेल्या फोनपैकी निम्मे त्याबद्दलच होते. वखरणी, बियाणे, खताच्या मात्रा तुम्हाला पाठ आहेत, म्हणून आज त्यावर लिहीत नाही.

"साहेब, राख फुकटात भेटते, वावर मोकळं होते." हे मी फार ऐकले. कोळसा जळतो, पण त्यातले शिसे, आर्सेनिक, क्रोमियम, निकेल बहुतांशी राखेत दाट होऊन उरते. हिशेब करा. एकरी 20 ट्रॉल्या, ट्रॉलीत 3 टन, म्हणजे 60 टन राख. किलोमागे 50 मिलिग्रॅम शिसे धरले तरी एकरात 3 किलो शिसे गेले. पऱ्हाटी वर्षाला त्यातले ग्रॅमच्या मापात उचलेल. फवारलेले औषध कालांतराने विरते, धातू विरत नाही. केंद्र सरकारच्या 2021 च्या अधिसूचनेतही शेतीत राख माती परीक्षण करून, नियंत्रित प्रमाणातच वापरायची आहे. ट्रॉलीवाल्याकडे तसला कागद असतो का, ते विचारा.

काही वर्षांपूर्वी वणी तालुक्यातल्या एका काकांनी दोन एकरांत अशी राख पसरली. मृगाच्या सरीनंतर मी वावरात गेलो. वरचा चार बोटे थर गिलाव्यासारखा आवळला होता. खपली बोटाने उचलली, तर खाली सरकीचा मोड पिवळा पडून मुरडलेला. दुबार पेरणी करावी लागली. पुढच्या वर्षी पीक बरे आले आणि काका निश्चिंत झाले. मी झालो नाही, कारण त्याच वावराच्या कोपऱ्यात, विहिरीजवळ, घरच्या पालक-मेथीचे वाफे होते. कॅडमियम शिरलेला पालकही हिरवागारच दिसतो.

जमीन आरोग्य पत्रिका दाखवून "सगळं ठीक आहे" म्हणू नका. त्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन असे 12 घटक असतात. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, पारा तपासलेलाच नसतो.

उपायांच्या नावाखाली जे चालले आहे ते थांबवा. गूळ-शेणाच्या पाण्याने शिसे जात नाही. दुकानातली "जमीन शुद्ध करणारी" बाटली घेऊन पैसे घालवू नका. सर्वात घातक म्हणजे मनानेच गंधक टाकून सामू उतरवणे. आपली चुनखडीची काळी जमीन शिसे आणि कॅडमियम बऱ्यापैकी धरून ठेवते. आम्लता वाढली की तेच सुटून मुळांकडे जाते. मात्र आर्सेनिक आणि षट्संयुजी क्रोमियमवर हा भरवसा नाही. आणि प्रत्येक पिवळे पान धातूचे नसते: राजूरच्या चुनाभट्ट्यांच्या आसपास शेंड्याची पाने पिवळी, शिरा हिरव्या दिसल्या तर आधी लोहाची कमतरता तपासा.

राख किंवा नाल्याचा गाळ आधीच पडला असेल तर त्या तुकड्यात पालेभाज्या, मुळा, गाजर घेऊ नका. कुजलेले शेणखत द्या. कोळशाच्या रस्त्याकडेचा धुळीने माखलेला कडबा दुभत्या जनावरांपुढे टाकू नका.

पावसाळ्याचे भय वेगळे. जुलै 2022 मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचे पाणी नाल्यांत, शेतांत शिरले. असे पाणी तुमच्या वावरात आले तर त्याच दिवशी फोटो काढा, स्वच्छ बाटलीत नमुना भरा, तलाठी आणि कृषी सहायकांना बोलावून पंचनामा मागा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या. चिखल वाळल्यावर नांगरून मिसळू नका. पंचनाम्यानंतर वरचा थर खरवडून बाजूला काढा.

मातीचा नमुना पेरणीआधीच घ्या. नाल्याकडचा आणि वरच्या बाजूचा वेगळा. लाकडी किंवा प्लास्टिकची खुरपी वापरा, गंजलेले फावडे नको. दहा ठिकाणची 15 सेंटिमीटरपर्यंतची माती मिसळून अर्धा किलो ठेवा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे आधी चौकशी करा, आणि चिठ्ठीवर ठळक लिहा: "जड धातूंची तपासणी". नुसते "माती परीक्षण" लिहिले तर पुन्हा तेच 12 घटक हातात येतील.