प्रकाशाची साक्ष

एखादी वस्तू न फोडता तिच्या आतली रचना कशी ओळखावी? हे काम प्रकाशाच्या साहाय्याने करता येते. ही पद्धत एका भारतीय शास्त्रज्ञाच्या शोधातून निर्माण झाली. सिलिकॉनच्या पातळ थरात धातू मिसळल्यावर काय घडते, हे या पद्धतीने कसे समजते, याची माहिती या पाठात दिली आहे.

बाजारात माठ घेताना माणसे तो आधी वाजवून पाहतात. पक्का माठ खणखणीत वाजतो. तडा गेलेला माठ बद्द वाजतो. माठ फोडावा लागत नाही. त्याचा आवाजच आतली गोष्ट सांगतो. पदार्थातील अणूही सतत कंप पावत असतात. त्यांची कंपने आपल्याला ऐकू येत नाहीत. पण पदार्थावर पडलेला प्रकाश त्या कंपनांची खूण घेऊन परत येतो. ही खूण वाचण्याचा मार्ग चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवला.

१९२१ साली रामन बोटीने युरोपहून भारतात परत येत होते. वाटेत भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग त्यांनी पाहिला. समुद्रात आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून तो निळा दिसतो, हे उत्तर त्यांना पटले नाही. कलकत्त्याला आल्यावर पाण्यातून आणि इतर द्रवांतून प्रकाश कसा विखुरतो, याचा त्यांनी कसून अभ्यास केला. के. एस. कृष्णन हे या कामात त्यांचे सहकारी होते. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांना यश आले. एकाच रंगाचा प्रकाश पदार्थावर पाडला, तर विखुरलेल्या प्रकाशातील अगदी थोड्या भागाचा रंग बदलतो, असे त्यांना दिसले. प्रकाश अणूंच्या कंपनांना थोडी ऊर्जा देतो किंवा त्यांच्याकडून घेतो, म्हणून हा बदल होतो. यालाच ‘रामन परिणाम’ म्हणतात. या शोधाबद्दल रामन यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९८७ पासून २८ फेब्रुवारी हा दिवस आपण ‘राष्ट्रीय विज्ञान दिन’ म्हणून साजरा करतो.

आता सिलिकॉनकडे वळू. सिलिकॉनचा प्रत्येक अणू आपल्या चार शेजाऱ्यांशी जोडलेला असतो. स्फटिकात हे अणू प्रार्थनेच्या वेळी रांगेत उभ्या असलेल्या मुलांसारखे असतात. सर्वांमधील अंतर सारखे आणि दिशाही ठरलेली असते. अस्फटिकी सिलिकॉनमध्ये मात्र अणू मधल्या सुट्टीतील मुलांसारखे असतात. शेजारी असतात, पण रांग नसते.

अस्फटिकी सिलिकॉनचा थर काचेवर सहज आणि कमी खर्चात बसवता येतो. हा थर बहुधा एक मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असतो. आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड असतो. १९७६ साली अमेरिकेत कार्लसन आणि रॉन्स्की या शास्त्रज्ञांनी अशा सिलिकॉनचा सौर घट तयार केल्याचे जाहीर केले. तो सूर्यप्रकाशाच्या सुमारे २.४ टक्के ऊर्जेचे विजेत रूपांतर करत होता. पुढे लहान कॅल्क्युलेटरवर अशा घटांची काळसर पट्टी दिसू लागली.

पण या सिलिकॉनमध्ये एक उणीव आहे. अणूंच्या रांगा नसल्यामुळे त्यातून विद्युतभार फार सावकाश जातो. थर तापवला तर अणू रांगेत येतात. परंतु त्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. एवढ्या उष्णतेत साधी काच वाकते. थर सुधारायचा तर काच बिघडते, अशी ही अडचण आहे.

येथे धातू मदतीला येतो. सिलिकॉनच्या थरात किंवा थरावर निकेल अथवा ॲल्युमिनिअमचा अल्प अंश दिला, तर धातूजवळच्या सिलिकॉन अणूंची एकमेकांवरील पकड सैल होते. मग ते कमी तापमानातच रांगेत बसू लागतात. निकेलच्या मदतीने हे काम सुमारे ५०० अंशांवर होते. ॲल्युमिनिअममुळे ते त्याहूनही कमी तापमानात होऊ शकते. मात्र धातू जास्त राहिला, तर नको तेथून वीज झिरपते आणि थर निकामी होतो. म्हणून धातू किती द्यायचा आणि थर किती तापवायचा, हे तपासून ठरवावे लागते.

ही तपासणी रामन यांच्या पद्धतीने होते. थरावर एकाच रंगाचा लेसर किरण सोडतात. परत येणाऱ्या प्रकाशातून मूळ रंग गाळून टाकतात. उरलेल्या अंधूक प्रकाशाचा वर्णपट घेतात आणि त्याचा आलेख काढतात. रंगातील बदल ‘प्रति सेंटिमीटर’ या एककात मोजतात. अणू रांगेत असतील, तर आलेखात ५२० च्या जवळ उंच, निमुळते शिखर दिसते. अणू अस्ताव्यस्त असतील, तर ४८० च्या आसपास पसरट उंचवटा दिसतो. थर अर्धवट सुधारला असेल, तर दोन्ही खुणा एकत्र दिसतात. त्यांची तुलना करून थराचा किती भाग स्फटिक झाला, याचा अंदाज करता येतो.

गंमत म्हणजे निकेल किंवा ॲल्युमिनिअम यांसारख्या शुद्ध धातूचे स्वतःचे शिखर या आलेखात दिसत नाही. धातू दिसत नाही, पण त्याने केलेले काम दिसते.

मात्र ही साक्ष घेताना फार जपावे लागते. लेसर किरण जास्त तीव्र असेल, तर त्याच्याच उष्णतेने पातळ थर तापतो आणि अणू रांगेत येतात. मग ५२० जवळचे शिखर धातूमुळे आले की आपल्याच किरणामुळे, हे कळत नाही. म्हणून शास्त्रज्ञ किरण मंद ठेवतात. परत येणारा प्रकाश त्यामुळे आणखी अंधूक होतो आणि मोजणीला जास्त वेळ लागतो. तरीही ते घाई करत नाहीत. तपासणी करताना वस्तूच बदलली, तर मिळालेले उत्तर खरे राहत नाही.

शब्दार्थ
साक्ष – पुरावा, ग्वाही
कंप पावणे – थरथरणे
विखुरणे – निरनिराळ्या दिशांना पसरणे
स्फटिक – ज्यात अणूंची मांडणी नियमित असते असा पदार्थ
वर्णपट – प्रकाशातील रंगांचा पट्टा
निमुळते – टोकाकडे अरुंद होत जाणारे
अस्ताव्यस्त – विस्कळीत

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) माणसे माठ वाजवून का पाहतात?
(आ) राष्ट्रीय विज्ञान दिन कधी साजरा करतात?
२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) स्फटिक आणि अस्फटिकी सिलिकॉन यांत काय फरक आहे?
(आ) सिलिकॉनच्या थरात धातू का मिसळतात?
(इ) लेसर किरण मंद का ठेवावा लागतो?
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : पातळ, मंद, कमी, सैल.
४. वाक्यात उपयोग करा : कसून अभ्यास करणे, मदतीला येणे, निकामी होणे.