शाळेची ऑर्डर घेताय? आधी लेन्स, मग कॅमेरा

शाळेच्या वार्षिकांकाचं काम मिळालं की पहिला विचार येतो महागड्या कॅमेऱ्याचा, तोही हप्त्यावर. थांबा. आधी हिशोब करू.

८×१२ इंचाचा ग्रुप फोटो ३०० डीपीआयला छापायला साधारण ९ मेगापिक्सेल पुरतात. कॅनन २००डी किंवा निकॉन डी५६०० मध्ये २४ मिळतात. म्हणजे सेकंडहँड बॉडी चालेल. घेताना शटर काउंट तपासा, पक्कं बिल मागा.

लेन्स दोनच घ्या:

१. १८-५५ एमएम: वर्गाच्या ग्रुप फोटोसाठी. मागे सरका, ३५ च्या आसपास झूम आणि एफ/८ ठेवा. १८ वर काढलात तर कडेची मुलं ताणलेली दिसतात, आणि त्यांचे पालक नेमकं तेच बघतात.

२. ५० एमएम एफ/१.८: एकेका मुलाच्या फोटोसाठी आणि स्नेहसंमेलनाच्या कमी उजेडासाठी.

निकॉनवाल्यांनो, डी५६०० च्या बॉडीत फोकस मोटर नाही. ५० एमएमवर ‘एएफ-एस’ लिहिलंय ना, ते बघूनच पैसे द्या. नाहीतर प्रत्येक फोटोला हाताने फोकस करत बसाल.

वाचलेल्या पैशातून जादा बॅटरी आणि दुसरं कार्ड घ्या. साठ मुलं बाकांवर उभी असताना बॅटरी संपली, तर पुढच्या वर्षीची ऑर्डर गेलीच म्हणून समजा.